उतारावरचा ट्रॅक्टर

नानासाहेब खराड्यांना वांगी निवडता येत नाहीत. मंडईत पाठवलं की किडकी तेवढी वेचून आणतात, असं त्यांच्या पत्नी मालतीबाई गेली चाळीस वर्षं सांगत आल्या आहेत. पण ट्रॅक्टर? ट्रॅक्टरचं नाव काढा आणि मग बघा! इस्लामपुरातल्या एका ट्रॅक्टरच्या दुकानात त्यांनी चौतीस वर्षं काढली. आधी मागच्या शेडमध्ये ग्रीसने बरबटलेल्या हातांनी, आणि पुढे समोरच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. आसपासच्या वीसेक गावांत रीतच पडून गेली होती, की मुलगी बघायला जाताना मामाला न्यायचं आणि ट्रॅक्टर बघायला जाताना नानासाहेबांना.

त्यांची पद्धतही न्यारी होती. गिऱ्हाईक दारात आलं की ते आधी मशीन दाखवायचेच नाहीत. "चला, रान दाखवा," म्हणायचे. मग त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचं, चपला बांधावर काढायच्या, अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एखादं ढेकूळ हातात फोडून बघायचं, आणि मगच तोंड उघडायचं. दुकानाचा मालक यावर चडफडायचा, पण नानासाहेबांनी निवडून दिलेला ट्रॅक्टर कोणी परत आणून लावला नाही. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे, आणि ते वरचेवर म्हणतात.

तर असे हे नानासाहेब २००७ सालच्या जानेवारीत ऑकलंडला, हिल्सबरोमधल्या लेकीच्या घरी, मागच्या डेकवर ऊन खात बसले होते आणि त्यांना करायला काडीचंही काम नव्हतं. लेक कल्याणी न्यू लिनच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. जावई जगदीश हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. नात ऋग्वेदा दहा वर्षांची, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, गवत कापायला पंधरा दिवसांनी एक माणूस यायचा. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. सकाळी पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून तिथून दूध आणायचं, एवढं एकच काम नानासाहेबांच्या वाट्याला आलं होतं. त्यातही जगदीश एकदा येताना दोन मोठे कॅन घेऊन आला आणि चार दिवसांचं काम गेलं. बिचारा चांगल्या मनानेच घेऊन आला होता.

"अगं, मी इथे आलोय कशाला?" नानासाहेब मालतीबाईंना विचारायचे.

"लेकीला बघायला."

"बघून झालं की."

कल्याणीला हे ऐकू जात होतं. तिने काही वरून दाखवलं नाही, पण ऐकू सगळं जात होतं.

जगदीश आणि तिने मिळून आदल्या वर्षी वायमाउकुच्या पुढे साडेचार एकर जमीन घेतली होती. पुढेमागे तिथे घर बांधायचं, फळझाडं लावायची, असा बेत. पण आधीच्या मालकाने दहा-बारा वर्षं तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि सगळं रान गॉर्सने भरलं होतं. गॉर्स म्हणजे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. दिसायला देखणं, आणि हात लावला की रक्त. त्यात ब्लॅकबेरीच्या वेली गुंतलेल्या. ते सगळं तोडायला छोटा ट्रॅक्टर हवा होता आणि मागे स्लॅशर, म्हणजे झुडपांचा भुगा करणारं पातं. चालवणार कल्याणी. जगदीशच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला खड्ड्यांतून हादरे खाणं बंद होतं. शनिवार-रविवार ती एकटीच तिथे राबणार होती.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "नाना, ट्रॅक्टर तुम्हीच निवडून द्या. आम्हाला दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नाही."

नानासाहेब ताठ बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाला इस्त्री करून मागितली. मालतीबाईंनी ती केली आणि गालातल्या गालात हसल्या.

पाडव्याच्या आत परत जायचं होतं, म्हणजे हातात जेमतेम सात आठवडे. लेकीसाठी आपण कधी काही केलं नाही, हे नानासाहेबांच्या मनात फार दिवस होतं. ती शिकली स्कॉलरशिपवर, लग्न ठरवलं तिचं तिने, आली इथे स्वतःच्या हिमतीवर. आपल्याला द्यायला होतंच काय? एक ही विद्या होती, आणि ती कधी तिच्या उपयोगाला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आता आली. आपण निघून गेल्यावर पुढची वीस वर्षं लेक आपण निवडलेल्या मशीनवर बसेल! त्यांना रात्री झोप लागेना.

रविवारी सगळे जमीन बघायला गेले. आता इथे नानासाहेबांचं चुकलं, आणि कसं चुकलं ते नीट सांगितलं पाहिजे. इस्लामपुरात त्यांनी चपला काढून बांध ओलांडला असता. इथे बांध नव्हता, तारेचं कुंपण होतं, त्यापलीकडे डोक्याएवढं काटेरी झुडूप, आणि यांचे गुडघे दुखत होते. ते रस्त्यावरच उभे राहिले, कपाळावर हात धरून पाहिलं. दूरवर पिवळ्या फुलांची एकसारखी चादर पसरलेली. "मस्त सपाट आहे गं," ते म्हणाले. "जरासा उतार आहे, पण काही विशेष नाही." आणि गाडीत जाऊन बसले.

कल्याणीने नुसती गाडी सुरू केली. ती एकदा आतपर्यंत गेलेली होती.

परतीच्या वाटेवर, कुमेउच्या बाजूला, छोटे ट्रॅक्टर विकणारं एक आवार होतं, तिथे ते थांबले. मालकाचं नाव विरेमू. साठीचा, रुंद खांद्यांचा, गमबूट घातलेला माऊरी माणूस. "किया ओरा" असा त्यांच्यातला नमस्कार करून त्याने नानासाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि पुढे जे बोलू लागला त्यातलं एक अक्षर नानासाहेबांना कळेना. इंग्रजी वाचण्यात त्यांना कुणी हरवू शकलं नसतं. मशीनची जाडजाड मॅन्युअलं त्यांनी पोथीसारखी वाचलेली. पण ही माणसं बोलायची भलतंच. "स्वीट अ‍ॅज" म्हणायची, आणि कशासारखं गोड ते कधीच सांगायची नाहीत. त्यामुळे दुभाषा कल्याणी.

पुढच्या रांगेत एक छोटा केशरी ट्रॅक्टर होता. बुटका, बसकट, डोक्यावर लोखंडी कमान, सीटला पट्टा. क्लच नावालाही नाही, पायाने दाबलं की पुढे, सोडलं की उभा. विरेमू त्याच्यापाशी थांबला. नानासाहेबांनी नाक मुरडलं. "हे काय! हे तर बारशाला द्यायचं खेळणं."

आणि मग मागच्या रांगेत त्यांना तो दिसला. जुना निळा, उंच, अरुंद. तिकडच्या द्राक्षांच्या मळ्यांत वेलींच्या दोन ओळींमधून फिरलेला. नानासाहेबांचा ऊर एकदम भरून आला. उसाच्या सरीतून पान न मोडता जाणारा ट्रॅक्टर म्हणजे हाच की! असे पन्नास तरी त्यांनी लोकांना निवडून दिले असतील. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावून इंजिन ऐकलं, एक नट बोटाने फिरवून बघितला. दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.

"हाच घे कल्याणी. दुसरीकडे बघूसुद्धा नकोस."

तिने विरेमूला सांगितलं. विरेमूने मानेला हात लावला, आणि मग चांगला तीन-चार मिनिटं बोलला. बोलताना त्याने आपला तळवा आडवा धरला आणि हळूहळू एका बाजूला कलवला. कल्याणी मान डोलावत ऐकत होती. मग तिने त्याला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्याने हात खाली घेतला.

"काय म्हणतोय?" नानासाहेबांनी विचारलं.

"चांगलं मशीन आहे म्हणतोय, नाना."

"मग! आहेच. एवढं सांगायला चार मिनिटं लागतात होय याला?"

पुढच्या शनिवारी येऊन न्यायचं ठरलं. विरेमूने एक कागद भरून दिला, कल्याणीने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी येईपर्यंत नानासाहेब बोलत होते. कल्याणी गाडी चालवत होती आणि हसत होती. किती दिवसांनी नाना असे बोलतायत, असं ती रात्री आईला म्हणाली.

तो कागद नानासाहेबांच्या हातात आला मंगळवारी. कल्याणीने तो फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला होता, नेहमीची सवय. नानासाहेब इंजिनचा नंबर बघायला म्हणून तो काढून वाचू लागले. नंबर झाला, वर्ष झालं, आणि तळाशी विरेमूच्या हाताने, बहुधा स्वतःच्या आठवणीसाठी, गिचमिड इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी. नानासाहेबांनी चष्मा पुसला. त्या ओळींचा अर्थ असा होता: फार अरुंद. उतारावर आडवा नको, कलंडेल. मुलीला स्पष्ट सांगितलं आहे. तिचं म्हणणं, वडिलांनी पसंत केलाय, हाच द्या.

नानासाहेब स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. तो कलता तळवा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि लेकीचं ते एक वाक्य.  म्हणजे हिला माहीत होतं! परक्या माणसापुढे बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून ही पोरगी कलंडणाऱ्या ट्रॅक्टरवर बसायला तयार झाली होती. आपण तिकडे पाडव्याची गुढी उभारणार, आणि ही इकडे एकटी त्या उतारावर.

पण उतार खरंच तेवढा होता का? ते त्यांनी कुठे पाहिलं होतं? चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रान न चालता मशीन निवडलं होतं, आणि तेही कुणासाठी, तर पोटच्या पोरीसाठी. त्यांनी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. मोठ्याने दिली, घरात कोणी नव्हतं.

गुरुवारी जगदीशला सुट्टी होती. "जावईबापू, जरा रानाकडे सोडता का? कल्याणीला सांगू नका," म्हटल्यावर त्याने का म्हणून विचारलं नाही. मालतीबाई थर्मासमध्ये चहा घेऊन मागे बसल्या. नानासाहेबांनी ऋग्वेदाच्या कंपासपेटीतला कोनमापक मागून घेतला होता ("डोन्ट लूज इट, आजोबा!"), त्याच्या मध्यावर दोरा बांधून खाली एक नट लटकवला होता. कोनमापक काठीवर धरायचा, काठी जमिनीवर आडवी टेकवायची, दोरा सांगेल जमीन किती कलली ते. गवंड्याच्या ओळंब्याचंच तत्त्व.

अनवाणी चालण्याचा प्रश्नच नव्हता. पायात जगदीशचे दोन नंबर मोठे गमबूट. कुंपणाच्या कडेने शेजारच्या मेंढ्यांनी पाडलेली एक वाट होती, तिच्यावरून ते आत शिरले. दहा पावलं गेले आणि पाय घसरला. जगदीशने दंड धरला म्हणून बरं. तेव्हा त्यांना कळलं की रस्त्यावरून सगळं सपाट का दिसत होतं. खोलगट जागेत पाणी धरतं, तिथे गॉर्स उंच वाढलेला. वर चढावर कोरडं, तिथे बुटका. त्यामुळे शेंडे सगळे एका ओळीत. झुडपांचा माथा सपाट होता, जमीन नव्हती.

पहिल्या ठिकाणी दोरा एकोणीस अंशांवर गेला. पुढे एकवीस. खालच्या ओहोळाजवळ चोवीस. काट्यांनी दोन्ही मनगटं सोलून निघाली होती, पण ते थांबले नाहीत. प्रत्येक ठिकाणी दोनदोनदा मोजलं, की एकदा तरी कमी येईल. आलं नाही.

वर येऊन ते गाडीच्या पायरीवर बसले. मालतीबाईंनी चहा दिला.

"दुरून डोंगर साजरे," मालतीबाई म्हणाल्या.

"माझं चुकलं, मालती."

"अगबाई! चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. थांबा, कॅलेंडरवर लिहून ठेवते." पण त्यांनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि पदराने रक्त टिपलं. "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

नानासाहेबांनी कप खाली ठेवला. "तिला सांगितलं तर म्हणेल, असू दे नाना, मी हळू चालवीन. तिला काय, सगळं चालतंच. तिने माझा मान ज्याच्यापुढे राखला ना, त्याच्यापुढेच मला मान खाली घालायला पाहिजे. त्याशिवाय ती मोकळी व्हायची नाही."

जगदीश गाडीला टेकून दुसरीकडेच बघत होता. त्याने नाक ओढलं आणि, गॉर्समुळे होतं मला, म्हणाला.

शनिवारी विरेमूने निळा ट्रॅक्टर धुऊनपुसून दारापाशी आणून ठेवला होता. कल्याणी पर्समधून पेन काढत होती. नानासाहेब तिच्या पुढे गेले. आदल्या दिवशी दुपारभर डेकवर बसून त्यांनी तीन वाक्यं पाठ केली होती. 

"आय वॉज राँग," ते म्हणाले. "माय डॉटर विल ड्राइव्ह. शो मी द लो वन."

कल्याणीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "नाना, अहो, काय हे? चांगला आहे की हा!"

"चोवीस अंश उतार आहे तुझ्या रानाला. मोजून आलोय. आणि कागद वाचलाय मी."

ती लाल झाली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आल्याचा तिलाच राग आला. "मग काय करायला हवं होतं मी? वीस गावं तुमच्या शब्दावर ट्रॅक्टर घेत आली. आणि मी पहिली नाही म्हणू? तुमची लेक? त्या दिवशी बॉनेट उघडलंत तेव्हा तुमचा चेहरा बघितला असतात तर..." 

"अगं वेडे, माझ्या चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस!" नानासाहेबांचा आवाज फाटला. "तुला काही झालं असतं, तर मी तिकडे बसून काय केलं असतं? चौतीस वर्षं घातली असती चुलीत? मला नसतं जगता आलं, कल्याणी. एवढं तरी कळायला हवं होतं तुला."

आवाराच्या मधोमध ती त्यांच्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. विरेमू निघून गेला, आणि थोड्या वेळाने, कुणीही न बोलावता, केशरी ट्रॅक्टर चालवत घेऊन आला. कल्याणीने त्याला मोजणीचं आणि ओहोळाचं सांगितलं, तेव्हा तो काहीतरी बोलला, चांगलं लांबलचक.

"आता जे म्हणाला ते सगळं सांग," नानासाहेब म्हणाले. "गाळू नकोस."

कल्याणीने नाक पुसलं. "म्हणतोय की तुझ्या वडिलांनी जमीन मोजली, असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. आणि म्हणतोय की त्या दिवशी त्याने आणखी जोरात सांगायला हवं होतं, त्याची रात्रीची झोप उडाली होती. आणि... हा ट्रॅक्टरही काही देव नाही म्हणतोय. आडवा घातला तर हाही पडेल. उभाच चालवायचा, वरून खाली आणि खालून वर. ओहोळाजवळचा भाग हातानेच तोडायचा, मशीन न्यायचंच नाही. पट्टा कायम. आणि डोक्यावरची कमान कधी पाडून ठेवायची नाही, ट्रॅक्टर उलटला तर तीच वाचवते."

"बरोबर बोलतोय," नानासाहेब म्हणाले. "आता माझं त्याला सांग. मागची चाकं काढून उलटी बसवायला सांग, रुंदी वाढते. आणि टायरांत पाणी भरून दे म्हणावं, पाऊण भाग. बूड जड पाहिजे."

तिने सांगितलं. विरेमूने नानासाहेबांकडे नीट बघितलं, मग मोठ्याने हसला. हे एक बोलणं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दोघं म्हातारे चाकापाशी उकिडवे बसले आणि पुढचा तासभर कल्याणीची गरज कुणालाच लागली नाही. बोटांनी, भुवयांनी आणि पान्यांच्या नंबरांनी सगळं चाललं होतं. मालतीबाई शेडच्या सावलीत बसून ते बघत होत्या.

चाकं बसली. टायर भरले. नानासाहेब उठले, गुडघा धरून क्षणभर थांबले.

"चढ," ते म्हणाले.

कल्याणी चढली. ती जेमतेम पाच फूट. सीट कुठल्या तरी उंच माणसासाठी मागे सरकवलेली होती, आणि ब्रेकवर तिच्या पायाची फक्त बोटं टेकत होती. नानासाहेबांनी ते बघितलं. तिथेच ओल्या काँक्रीटवर, इस्त्रीच्या विजारीसकट, ते दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि सीटखाली हात घालून कडी चाचपू लागले. विरेमू मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. कडी घट्ट होती. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा सुटली आणि त्यांनी सीट लेकीसकट पुढे ओढली. एक खाच. अजून एक. मग तिचा पाय स्वतःच्या हाताने धरून त्यांनी ब्रेकवर ठेवला.

"पोचतोय?"

"पोचतोय, नाना."

"बोटांनी नको. टाच टेकव. पूर्ण दाबून दाखव मला."

तिने दाबला. त्यांनी वाकून खाली पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"परत दाब," ते म्हणाले.